अँटिव्हायरस बसविल्यानंतर संगणक अडकतो : कारणे, तपासणी व उपाय

गावपातळीवरील कामकाजात संगणकाने आता महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. ग्रामपंचायतीचे दाखले, सेवा केंद्रातील अर्ज, पीकविम्याची नोंदणी आणि सेवा सहकारी संस्थेचे कर्जखाते ही सर्व कामे त्याच्यावर अवलंबून असतात. केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यामुळे पूर्वी कीर्दखतावणीत असलेला सभासदांचा हिशेब आता यंत्रात साठविला जात आहे. असा संगणक बंद पडल्यास केवळ कचेरीचे काम थांबते असे नाही. विम्याची मुदत टळते, कर्जाचे प्रकरण लांबते, आणि त्याची झळ शेवटी शेतकऱ्यालाच लागते.

या यंत्रांचे संगणकीय विषाणूंपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांवर अँटिव्हायरस बसविण्यात येतो. ते योग्यच आहे. तथापि, काही वेळा अँटिव्हायरस बसविल्याच्या दुसऱ्याच दिवशी संगणक अतिशय मंद होतो, मध्येच अडकून राहतो किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, असा अनुभव येतो. अशा वेळी दोन चुका सर्रास घडतात. एक तर अँटिव्हायरस काढून टाकून यंत्र उघडे ठेवले जाते, किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून संगणक ‘फॉरमॅट’ केला जातो आणि त्यातील सर्व दप्तर पुसले जाते. वस्तुतः बहुतेक बिघाड या दोन्ही टोकांना न जाता दूर करता येतात. मात्र त्यासाठी कारण ओळखून क्रमाने तपासणी करणे आवश्यक असते. पुढील विवेचन विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांना अनुलक्षून केले आहे.

अँटिव्हायरसचे कार्य कसे चालते

सर्वसाधारण प्रोग्राम हा संगणकाच्या वरच्या थरावर काम करतो. तो बिघडला तर बहुधा तेवढाच बंद पडतो, बाकीचे यंत्र चालू राहते. अँटिव्हायरसची गोष्ट वेगळी आहे. कोणतीही फाईल उघडण्यापूर्वी ती निर्दोष आहे की नाही हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून त्याचा काही भाग प्रणालीच्या गाभ्यात बसविलेला असतो. या भागास ड्रायव्हर असे म्हणतात. संगणकावर अर्जाचा नमुना उघडा, छायाचित्र उघडा किंवा छपाईची आज्ञा द्या, संबंधित फाईल या पहारेकऱ्यापुढून गेल्यावाचून पुढे सरकत नाही.

बाजार समितीच्या फाटकावर प्रत्येक गाडी थांबवून तिची नोंद होते, तसाच हा प्रकार आहे. नोंद घेणारा तत्पर असेल तर गाड्यांना फारसा विलंब होत नाही. तो अडून बसला, किंवा एकाच फाटकावर दोघे जण नोंद घेऊ लागले, तर मागे रांग लागते. संगणक अडकतो तो बहुधा अशाच रांगेमुळे. पहारेकरी गाभ्यातच असल्याने त्याच्याकडून गंभीर चूक घडली तर वरच्या थरातील एखादा प्रोग्राम नव्हे, तर संपूर्ण संगणकच कोसळतो.

अडकणे आणि कोसळणे यांतील भेद

उपाय योजण्यापूर्वी बिघाडाचे लक्षण नीट पाहून घ्यावे. लक्षणे मुख्यतः चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार मंदपणाचा. माउस हलतो, पण प्रत्येक कामास मिनिटेच्या मिनिटे लागतात. यात यंत्र अडकलेले नसून कामाच्या ओझ्याखाली दबलेले असते.

दुसरा प्रकार पूर्णपणे अडकण्याचा, ज्याला बोलण्यात ‘हँग होणे’ म्हणतात. माउसचा बाण हलत नाही, कळफलक प्रतिसाद देत नाही, पडद्यावरील घड्याळही थांबते.

तिसरा प्रकार कोसळण्याचा. पडदा एकदम निळा होतो, त्यावर एक संकेतवाक्य उमटते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. विंडोज ११ मध्ये २०२५ सालच्या सुधारणेनंतर हा पडदा काळ्या रंगाचा दिसतो. रंग बदलला तरी अर्थ तोच आहे.

चौथा प्रकार एखाद्याच प्रोग्रामपुरता असतो. हिशेबाचा प्रोग्राम उघडत नाही, डिजिटल स्वाक्षरीची कळ ओळखली जात नाही, अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र चालत नाही, पण बाकीचा संगणक सुरळीत असतो.

यांपैकी कोणते लक्षण आहे, ते केव्हापासून आहे, आणि त्यापूर्वी संगणकावर काय बसविले होते, हे तारीखवार लिहून ठेवावे. निळा पडदा आल्यास त्यावरील संकेतवाक्य व फाईलचे नाव यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. ‘व्हॉट फेल्ड’ या शब्दांपुढे एखाद्या फाईलचे नाव दिलेले असेल, तर ते पुष्कळदा दोषी ड्रायव्हरकडे बोट दाखविते.

बिघाडाची प्रमुख कारणे

१. पहिली संपूर्ण तपासणी. अँटिव्हायरस बसविल्यानंतर तो संगणकातील सर्व फायली प्रथमच तपासतो. यंत्रात ४ जीबी स्मृती आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क असेल, तर या तपासणीस कित्येक तास लागू शकतात आणि तोवर यंत्र जड चालते. हा बिघाड नव्हे. तपासणी एकदा पूर्ण होऊ दिली की पुष्कळ यंत्रे पूर्ववत होतात.

२. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदणे. हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. संगणक विकत घेताना त्याच्याबरोबर आलेला व मुदत संपलेला एक, आणि नव्याने आणलेला दुसरा, असे दोन पहारेकरी गाभ्यात बसतात. एकाने तपासण्यासाठी उघडलेली फाईल दुसरा अडवितो, आणि दुसऱ्याने उघडलेली पहिला. बोर्डो मिश्रण विम्लधर्मी असल्यामुळे त्यात मॅलॅथिऑन मिसळले असता औषधाची शक्ती नष्ट होते, हे शेतकरी बंधूंना ठाऊकच आहे. दोन संरक्षक एकत्र आल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, हाच नियम येथेही लागू पडतो. विंडोजमध्ये मूळचा असलेला डिफेंडर मात्र याला अपवाद आहे. दुसरा अँटिव्हायरस रीतसर बसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो आणि तो काढल्यावर पुन्हा पहाऱ्यावर येतो.

३. जुन्याचे अवशेष. जुना अँटिव्हायरस काढला असे वाटते, पण त्याचे ड्रायव्हर मागे राहतात. हरळी वरून कापली तरी जमिनीतील काशा शिल्लक राहाव्यात, तशी ही गोष्ट आहे. हे अवशेष नव्या अँटिव्हायरसशी झगडत राहतात.

४. प्रणाली व अँटिव्हायरस यांचा मेळ नसणे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या प्रणालीवर अगदी नवी आवृत्ती, किंवा नव्या प्रणालीवर जुन्या तबकडीतील आवृत्ती बसविल्यास संघर्ष उद्भवतो.

५. अपुरी किंवा सदोष सुधारणा. अँटिव्हायरस दिवसातून अनेक वेळा नवी माहिती उतरवून घेतो. त्याच क्षणी वीज गेली तर फाईल अर्धवट राहते. क्वचित कंपनीकडून आलेली सुधारणाच सदोष असते.

६. निर्दोष फाईल दोषी ठरणे. अँटिव्हायरस एखाद्या कामाच्या प्रोग्रामला विषाणू समजून विलगीकरणात टाकतो. मग तो प्रोग्राम उघडत नाही.

७. यंत्राचा मूळचाच दोष. संपूर्ण तपासणीच्या वेळी हार्डडिस्कचा कानाकोपरा वाचला जातो आणि प्रोसेसर तासन्‌तास राबतो. डिस्कवर खराब जागा असतील, पंख्यात धूळ साचली असेल किंवा स्मृतिपट्टी सदोष असेल, तर तो दोष याच वेळी प्रकट होतो. लंगडा बैल गोठ्यात धडधाकट दिसतो, त्याचे लंगडणे नांगराला जुंपल्यावर कळते. येथे अँटिव्हायरस हा दोषाचे कारण नसून तो उघड करणारा असतो. त्याला काढून टाकल्यास दोष झाकला जातो, बरा होत नाही.

घडलेली काही उदाहरणे

असे बिघाड केवळ लहान कचेरीतील जुन्या यंत्रांवरच होतात असे नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीच्या एका सुधारणेने विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधील ‘एस-व्ही-सी होस्ट’ या प्रणालीच्या स्वतःच्याच फाईलला विषाणू ठरविले. ती फाईल बाजूला काढली जाताच जगभरातील अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. वर सांगितलेल्या सहाव्या कारणाचे हे ठळक उदाहरण होय.

जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरमधील दोषावर एक सुधारणा काढली. काही अँटिव्हायरस प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतीला मान्य नसलेल्या मार्गाने हात घालीत असल्यामुळे त्या सुधारणेनंतर यंत्रे निळ्या पडद्यावर कोसळण्याचा धोका होता. म्हणून ज्या यंत्रांवरील अँटिव्हायरसने आपण सुसंगत असल्याची खूण नोंदविली होती, त्यांनाच ती सुधारणा देण्यात आली. येथे प्रणाली व अँटिव्हायरस यांचा मेळ नसणे हे कारण होते.

सर्वांत मोठी घटना १९ जुलै २०२४ ची आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या, मोठ्या संस्थांसाठी असलेल्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाईल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी प्रसृत झाली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे बाधित झाली होती. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. यावरील उपाय मात्र साधा होता. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाईल काढून टाकावयाची होती. त्यासाठी कोणतेही यंत्र पुसण्याची गरज नव्हती. ग्रामीण कचेरीतील संगणकालाही हाच धडा लागू पडतो. सेफ मोड म्हणजे काय, हे जाणणाऱ्याचे दप्तर वाचते.

तपासणीचा क्रम

संगणक सुरू होत असेल, तर पुढील क्रमाने तपासणी करावी. एक पायरी पूर्ण केल्याशिवाय दुसरीकडे वळू नये, आणि एका वेळी एकच बदल करावा. एकाच दिवशी चार बदल केल्यास गुण कशाने आला हे समजत नाही.

पहिली पायरी दप्तराची. यंत्र चालू आहे तोवर महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर इतर काहीही न करता प्रथम हेच काम करावे. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालविल्यास उरलेले दप्तरही गमावण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी ओझे पाहण्याची. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांचे आकडे शेकडा प्रमाणात दिसतात. डिस्कचा आकडा सतत १०० जवळ असेल आणि यादीत अँटिव्हायरस अग्रभागी असेल, तर तपासणी चालू आहे असे समजावे. ती रात्रभर चालू द्यावी. पुढील तपासणीची वेळ दुपारच्या सुट्टीत किंवा काम नसेल अशा वेळी नेमून द्यावी. सी ड्राइव्ह जवळजवळ भरलेला असेल, तर अनावश्यक फायली काढून जागा मोकळी करावी.

तिसरी पायरी पहारेकरी मोजण्याची. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून विषाणूंपासून संरक्षणाच्या भागात किती अँटिव्हायरसची नावे आहेत ते पाहावे. तसेच सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जुन्या अँटिव्हायरसचे नाव शिल्लक आहे काय, हे तपासावे. बाहेरून आणलेले दोन आढळल्यास एक काढावा.

चौथी पायरी तारखांची. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ या नावाचा तक्ता विंडोजमध्येच असतो. शोधपट्टीत हे नाव लिहिल्यास तो सापडतो. कोणत्या दिवशी काय बसविले आणि कोणत्या दिवशी काय बंद पडले, हे त्यात दिनांकवार दिसते. बिघाड अँटिव्हायरस बसविण्याच्या आधीपासून होत असल्याचे आढळल्यास संशयाची दिशा बदलावी.

पाचवी पायरी सेफ मोडची. सेफ मोडमध्ये विंडोज केवळ आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांसह सुरू होते, आणि बाहेरून बसविलेले बहुतेक अँटिव्हायरस त्या वेळी निष्क्रिय असतात. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ व ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे क्रमाने निवडून पुन्हा ‘रीस्टार्ट’ करावे. आकड्यांची यादी आल्यावर ४ दाबावा. इंटरनेटची गरज असेल तर ५ दाबावा. या स्थितीत संगणक अर्धा-पाऊण तास चालवून पाहावा. तो सुरळीत चालला, तर दोष बहुधा अँटिव्हायरसमध्ये किंवा अन्य एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. सेफ मोडमध्येही तो अडकला, तर दोष यंत्राच्या अंगी असण्याचा संभव अधिक. मग पंखा व झरोके साफ करावेत, विंडोजमधील स्मृती-तपासणीचे साधन चालवावे, आणि हार्डडिस्क जाणकाराकडून तपासून घ्यावी.

एखादाच प्रोग्राम चालत नसेल, तर अँटिव्हायरसमधील विलगीकरणाची यादी, म्हणजे ‘क्वारंटाइन’, उघडून पाहावी. त्या प्रोग्रामची फाईल तेथे असल्यास ती घाईने परत आणू नये. प्रोग्राम पुरविणाऱ्या संस्थेकडे चौकशी करून ती फाईल अस्सल असल्याची खात्री करावी, मगच तिला परत आणून अपवादांच्या यादीत घालावे. अपवाद केवळ त्या फाईलपुरता किंवा त्या प्रोग्रामच्या फोल्डरपुरता असावा. संपूर्ण सी ड्राइव्ह अपवादात घालणे म्हणजे कुंपणाचे फाटकच काढून टाकण्यासारखे आहे.

संगणक सुरूच होत नसेल तर

सुरू होता होता संगणक पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर सेफ मोडचा वरील मार्ग उपलब्ध नसतो. अशा वेळी संगणक सुरू करून निर्मात्या कंपनीचे चिन्ह दिसू लागताच विजेचे बटन सुमारे दहा सेकंद दाबून तो बंद करावा. असे दोन-तीन वेळा केल्यास विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथून ‘ट्रबलशूट’ पासूनच्या पायऱ्या वरीलप्रमाणेच कराव्यात.

त्याच ठिकाणी ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही सोय असते. तिच्यायोगे प्रणालीची मांडणी पूर्वीच्या तारखेस होती तशी करता येते आणि साठविलेल्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. मात्र त्या तारखेनंतर बसविलेले प्रोग्राम निघून जातात. ही सोय पुष्कळ संगणकांवर मुळात चालू केलेली नसते. ती नंतर उपयोगी पडत नाही, आधीच चालू करून ठेवावी लागते.

येथे एक सावधगिरी घेणे जरूर आहे. नव्या संगणकांवर डिस्कला बिटलॉकर किंवा तत्सम कुलूप लावलेले असते. दुरुस्तीच्या पडद्यावर गेल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक विचारला जाण्याची शक्यता असते. तो नसेल तर दप्तर यंत्रात असूनही हाती लागत नाही. संगणक चांगला चालू असतानाच हा क्रमांक शोधून कागदावर लिहावा आणि तो कपाटात ठेवावा. संगणकावरच लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

काढणे व पुन्हा बसविणे

दोष अँटिव्हायरसचाच आहे असे ठरल्यावर तो काढण्याचे काम पद्धतशीर करावे. प्रथम परवान्याचा क्रमांक व पावती जवळ असल्याची खात्री करावी. संगणक नेहमीच्या पद्धतीने सुरू होत असेल, तर सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून तो काढावा व यंत्र पुन्हा सुरू करावे. सेफ मोडमध्ये विंडोजची प्रोग्राम काढण्याची सेवा नेहमीप्रमाणे चालत नाही, त्यामुळे तेथे हा प्रयत्न अर्धवट राहू शकतो. यासाठी बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपल्या संकेतस्थळावर काढणीचे स्वतंत्र साधन विनामूल्य ठेवतात. ते दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावे आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे चालवावे. जुने अवशेष समूळ निघतात ते याच साधनाने. पूर्वीचा अँटिव्हायरस वेगळ्या कंपनीचा असेल, तर त्या कंपनीचे साधनही चालवावे.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झाला आहे याची खात्री करावी व एक-दोन दिवस नेहमीचे काम करून पाहावे. संगणक सुरळीत राहिला तर निदान बरोबर ठरले. मग विंडोजच्या प्रलंबित सुधारणा पूर्ण करून अँटिव्हायरसची सर्वांत नवी आवृत्ती कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेऊन बसवावी. पुन्हा तोच दोष उद्भवला, तर घेतलेली छायाचित्रे व तारखांची नोंद कंपनीच्या साहाय्य विभागाकडे पाठवावी. नोंद व्यवस्थित असेल तर तेथील तंत्रज्ञाला कारण लवकर सापडते. तोवर यंत्र डिफेंडरच्या पहाऱ्याखाली ठेवावे. कमी स्मृतीच्या यंत्रावर वेगळा अँटिव्हायरस न बसविता नियमित सुधारणांसह डिफेंडर ठेवणे हाही एक समंजस पर्याय होय.

कोणत्या गोष्टी टाळाव्यात

अँटिव्हायरस काढून यंत्र तसेच उघडे ठेवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील यंत्रांमधील फायली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. त्या दोषावरील विंडोजची सुधारणा दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती अशा यंत्रांना त्याचा फटका बसला. मंदपणा हा उपद्रव आहे, पण दप्तर गमावणे ही आपत्ती आहे.

परवाना मोडलेली, फुकट वाटली जाणारी प्रत बसवू नये. औषधाच्या नावाखाली विषच विकत घेण्याचा तो प्रकार होय. इंटरनेटवर काम करीत असता ‘आपल्या संगणकात विषाणू सापडले आहेत, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा पडदा आल्यास तो खरा मानू नये. मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे सांगून दुरून संगणक हाताळू देण्याची मागणी करणाऱ्यास नकार द्यावा. पैशाची फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुरुस्ती करणाऱ्यास, दप्तराची प्रत घेतल्याची स्वतः खात्री केल्यावाचून, संगणक फॉरमॅट करण्याची परवानगी देऊ नये. प्रत घेतली असे त्याने सांगणे पुरेसे नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

आगाऊ काळजी

बिघाड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो टाळणे सोपे असते. नवा अँटिव्हायरस पीकविमा, कर्जवाटप किंवा लेखापरीक्षण यांच्या ऐन गर्दीत बसवू नये. खरीप विम्याच्या अखेरच्या आठवड्यात यंत्रात कोणताही फेरबदल न करणे शहाणपणाचे ठरते. बसविण्याआधी संगणकाची स्मृती, डिस्कवरील मोकळी जागा व विंडोजची आवृत्ती कंपनीच्या अटींत बसते काय ते पाहावे. जुना अँटिव्हायरस आधी काढावा, मगच नवा आणावा. सिस्टिम रिस्टोअर चालू करून त्या दिवसाची खूण करून ठेवावी. वीज जाण्याचा प्रसंग वारंवार येत असल्यास यूपीएस असणे जरूर आहे.

दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी कचेरीपासून दूर अन्य ठिकाणी. बाहेरची डिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. ती सतत जोडलेली राहिल्यास खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. कचेरीत एक नोंदवही ठेवून तीत बसविलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव, तारीख, परवाना क्रमांक व मुदत लिहावी. कर्मचारी बदलला तरी ही माहिती जागेवर राहते.

विषाणू शिरल्याचाच संशय असेल, तर केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मदत घेता येते. संगणक स्वच्छ करण्याची साधने तेथे विनामूल्य उपलब्ध करून दिलेली आहेत.

सारांश, अँटिव्हायरस बसविल्यानंतर संगणक अडकला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. प्रथम दप्तराची प्रत, मग लक्षणांची नोंद, नंतर पहारेकऱ्यांची मोजदाद आणि सेफ मोडमधील परीक्षा, या क्रमाने गेल्यास कारण बहुधा सापडते, आणि एक अँटिव्हायरस नीट काढून पुन्हा बसविल्याने पुष्कळसे काम भागते. ग्रामसेवक, गटसचिव व सेवा केंद्रचालक यांनी हा क्रम एकदा स्वतः करून पाहावा आणि गावातील संगणक वापरणाऱ्या तरुण शेतकरी बंधुभगिनींनाही दाखवावा. म्हणजे एका यंत्राच्या बिघाडापायी कोणाचा अर्ज मुदतीबाहेर जाणार नाही, आणि सभासदांच्या खात्यांची नोंद अकारण पुसली जाणार नाही.